अडगावची लढाई जिंकणारा ग्लासगोत घोड्यावर. अडगावात काय आहे?

घोड्याच्या पायांचं व्हॉट्सॲपवरचं ‘रहस्य’, स्कॉटलंडमधला डोक्यावर ट्रॅफिक कोन घातलेला पुतळा आणि हिवरखेडपासून वीस मिनिटांवरचं रणांगण. या तिघांचा संबंध काय?

जूनमध्ये चार दिवसांच्या सुटीवर हिवरखेडला गेलो होतो. रात्री साडेदहाला इंजिनीअरिंगच्या दोस्ताचा व्हिडिओ कॉल आला. तो सध्या स्कॉटलंडमध्ये एमएस करतोय. आमच्याकडे लाइट गेलेली, मी गच्चीवर. त्याच्याकडे संध्याकाळचे सहा आणि लख्ख ऊन. ग्लासगो शहराच्या जुन्या भागात, रॉयल एक्स्चेंज चौकात उभा राहून तो हसत होता.

‘‘अबे, हे पाय! याच्या डोक्शावर काय हाय?’’

स्क्रीनवर एक भलामोठा दगडी चौथरा, त्यावर घोडा, घोड्यावर एक ऐटबाज लष्करी गडी आणि त्याच्या डोक्यावर नारिंगी ट्रॅफिक कोन. आपल्याकडे रस्त्याचं काम सुरू असलं की लावतात ना, तोच.

‘‘कोन हाय हा?’’ या प्रश्नात कोटी नव्हती, पण आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, ‘‘थांब, घोड्याचा पाय वर हाय का पायतो. म्हंजे हा कसा मेला ते समजते.’’

मी म्हटलं, पाय सोड. खाली चौथऱ्याकडे कॅमेरा ने. तिथे धातूत कोरलेली एक लढाई आहे, ती जालना जिल्ह्यातली आहे. आणि हा माणूस त्यानंतर दोन महिन्यांनी आपल्या अडगावला आला होता.

पलीकडून दोन सेकंद आवाजच आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

घोड्याच्या पायांचं ते फॉरवर्ड खरं आहे का?

नाही. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

पत्रकारितेतल्या माझ्या पहिल्या नोकरीत (कुठे, ते राहू द्या) मला रोज पाच वेब स्टोरी करायच्या असत. एके दिवशी हाताशी काहीच नव्हतं, तेव्हा फॅमिली ग्रुपवर आलेलं ते फॉरवर्ड उचललं. तुम्हीही ते वाचलं असेल. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील, तर स्वार रणांगणावर पडला. एकच पाय वर असेल, तर लढाईतल्या जखमांनी नंतर गेला. चारही पाय जमिनीवर असतील, तर नैसर्गिक मृत्यू. सात स्लाइड केल्या, पार्श्वसंगीत लावलं, आणि त्या महिन्यात मी केलेल्या सगळ्या कामांत सर्वाधिक वाचलं गेलेलं काम तेच ठरलं. संपादकांनी शाबासकी दिली.

आठवडाभराने एका वाचकाचा ईमेल आला. दोनच ओळी. एडिनबरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा आहे, त्यात घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. तो पुतळा १८ जून १८५२ रोजी बसवला, तेव्हा वेलिंग्टन जिवंत होता. मग तो कुठल्या लढाईत पडला?

वेलिंग्टन त्याच वर्षी १४ सप्टेंबरला गेला, वयाच्या ८३ व्या वर्षी, वॉल्मरच्या किल्ल्यातल्या आपल्या राहत्या खोलीत. म्हणजे मी सांगितलेला नियम त्या पुतळ्याला लावला, तर माणूस मरायच्या तीन महिने आधी शिल्पकाराला त्याचं मरण कळलं होतं, आणि तेही चुकीचं.

एकदा शोधायला बसलो, तर उदाहरणं संपेनात. वॉशिंग्टनमध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सनचा पुतळा आहे, १८५३ चा. घोडा दोन पायांवर. जॅक्सन १८४५ मध्ये स्वतःच्या घरी वारला. माद्रिदमध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप १६४० पासून दोन पायांच्या घोड्यावर आहे. राजा त्यानंतर पंचवीस वर्षं जगला. या कथेचा उगम बहुधा अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर आहे. तिथल्या बऱ्याच पुतळ्यांना हा नियम योगायोगाने लागू पडतो आणि मार्गदर्शक तो पर्यटकांना सांगत राहिले. तिथेही १९९८ मध्ये जनरल लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला आणि नियम मोडला: त्याच्या घोड्याचा पाय उचललेला आहे, पण लाँगस्ट्रीटला त्या लढाईत ओरखडाही आला नव्हता.

आपल्याकडचं पाहायचं तर फार लांब जायला नको. शिवछत्रपतींचा महानिर्वाण १६८० मध्ये रायगडावर झाला, हे चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. आता तुमच्या जिल्ह्यातले, शेजारच्या जिल्ह्यातले महाराजांचे अश्वारूढ पुतळे आठवा. कुठे घोड्याचा एक पाय उचललेला, कुठे दोन. एकाच माणसाचं मरण गावागणिक बदलत नाही. झाशीच्या राणीच्या पुतळ्यांत घोडा उधळलेला असतो आणि त्या जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढताना पडल्या, हे खरं. पण शिल्पकाराने तो घोडा उधळवला तो राणीचा आवेश दाखवायला, मृत्यूचा दाखला द्यायला नाही.

त्या वेब स्टोरीखाली दुरुस्ती टाकली. ती किती जणांनी वाचली, ते विचारू नका.

मग दोन पायांवर घोडा उभा कसा राहतो?

इथे माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा होतो, पण थोडक्यात सांगतो. पायांची संख्या शिल्पकार ठरवतो, तशी ती वजनाच्या हिशोबानेही ठरते. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, तरी त्याचं वजन टनांत जातं. घोडा मागच्या पायांवर उभा केला, की सगळ्या वजनाचा मध्य त्या दोन खुरांच्या वर आणावा लागतो. म्हणून पुढचा भाग पातळ ओततात, मागचा जाड. माद्रिदच्या पुतळ्यासाठी शिल्पकार पिएत्रो ताकाने हे केलं आणि त्याला गॅलिलिओने सल्ला दिला होता, असं सांगतात. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटच्या घोड्याची शेपटी खालच्या सापाला टेकवली आहे. दिसायला शत्रूला तुडवल्याचं प्रतीक, प्रत्यक्षात तिसरा पाय.

आत पोलादी सांगाडा, बाहेर ब्राँझ, वरून पाऊस आणि वारा. सांधे आणि बोल्ट गंजले की काय होतं, ते आपण मालवणला राजकोटवर पाहिलं. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तो अश्वारूढ नव्हता, उभा होता. पण पुतळा ही भावनेइतकीच स्ट्रक्चरल डिझाइनची बाब असते, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळलं. किती दिवस लक्षात राहिलं, हा वेगळा विषय.

डोक्यावर कोन कशासाठी?

कशासाठीही नाही. ग्लासगोचा हा पुतळा कार्लो मारोकेट्टी या शिल्पकाराने केला आणि तो १८४४ मध्ये बसवला गेला. मागची देखणी इमारत तेव्हा व्यापाऱ्यांचं एक्स्चेंज होती, आता ती आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. १९८० च्या दशकात कधीतरी, रात्री घरी निघालेल्या कुणीतरी वर चढून ड्यूकच्या डोक्यावर कोन ठेवला. पालिकेने काढला. पुन्हा कुणीतरी ठेवला. हे गेली चाळीस वर्षं सुरू आहे.

२०१३ मध्ये पालिकेने वैतागून चौथराच उंच करायचा प्रस्ताव आणला, म्हणजे कुणाला चढताच येऊ नये. खर्च ६५ हजार पौंड. लोक असे भडकले, ऑनलाइन याचिकेवर इतक्या सह्या पडल्या, की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये बँक्सी या जगप्रसिद्ध अनामिक चित्रकाराने आपलं प्रदर्शन याच संग्रहालयात भरवलं आणि समोरचा कोनवाला पुतळा ही ब्रिटनमधली आपली सर्वांत आवडती कलाकृती आहे, असं सांगितलं.

माझा मित्र अर्धा तास तिथे होता. त्याच्या सांगण्यानुसार, येणारा प्रत्येक जण फोटो काढत होता, पण घोड्यावरच्या माणसाचं नाव वाचायला कुणीही थांबलं नाही. चौथऱ्याच्या दोन लांब बाजूंवर दोन लढाया आहेत. एका बाजूला वॉटर्लू, १८१५. जिथे नेपोलियन हरला. दुसऱ्या बाजूला असई, २३ सप्टेंबर १८०३; जिथे शिंदे-भोसल्यांची फौज हरली. वेलिंग्टनचा पहिला मोठा विजय आणि शेवटचा. असई जालना जिल्ह्यात आहे. स्कॉटलंडच्या भरचौकात मराठवाड्यातलं एक खेडं पावणेदोनशे वर्षं ब्राँझमध्ये उभं आहे, आणि लोकांचं लक्ष कोनाकडे.

मला याचा राग यायला हवा होता का? आला नाही. उलट थोडं बरंच वाटलं. पण नंतर झोप लागेना, आणि कारण वेगळं होतं. मित्र फोन ठेवता ठेवता सहज म्हणाला होता, ‘‘आपल्या अडगावले काय हाय बे मग?’’

अडगावला नेमकं काय झालं?

शाळेत मी वॉटर्लूवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं आठवतं. अडगाव बुद्रुकचं नाव मात्र मी फक्त बसच्या पाटीवर आणि जुन्या मीटरगेजच्या स्टेशनावर वाचलं होतं. आबा कधीतरी ‘गोऱ्याची लढाई’ म्हणायचे. आम्ही पोरं ते भुताच्या गोष्टींत मोजायचो.

तर झालं ते असं. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या आश्रयाला गेली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हतं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. दख्खनमध्ये इंग्रजांचा सेनापती होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली, वय ३४. ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो नंतर झाला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असई जिंकली आणि नोव्हेंबरात तो वऱ्हाडात उतरला. कर्नल स्टीव्हन्सनची फौज त्याला येऊन मिळाली.

२९ नोव्हेंबर १८०३. समोर भोसल्यांची फौज, नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे. शिंद्यांशी आठवडाभरापूर्वीच तात्पुरती युद्धबंदी झाली होती, तरी त्यांचं घोडदळही मैदानात होतं. ‘अटी पाळल्या नाहीत’ हे इंग्रजांना तेवढंच कारण मिळालं. मराठ्यांची रांग अडगावच्या पुढे कित्येक मैल पसरलेली होती. इंग्रजांची फौज सुमारे अकरा हजार. तिच्यात स्कॉटलंडच्या पलटणी होत्या, पण मोठा भरणा मद्रासच्या शिपायांचा. शिवाय म्हैसूरचं आणि निजामाचं घोडदळ. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मरणारे बहुतेक याच देशातले होते. वेलस्लीसोबत एक तरुण मुलकी अधिकारीही घोड्यावर होता: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला, कॉलेजच्या नावातला तोच.

दिवसभर चालून इंग्रज फौज दमली होती. दुपार कलल्यावर लढाईला तोंड फुटलं. इंग्रजांच्या नोंदींत सिरसोलीचं नाव येतं. तिथून पुढे सरकताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि शिपायांच्या तीन पलटणी चक्क माघारी पळाल्या. असईला याच पलटणी निधड्या छातीने लढल्या होत्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना गोळा केलं, पुन्हा रांगेत आणलं. आपण त्या जागी नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाचं त्याने नंतर पत्रात लिहिलं. जगाच्या इतिहासातल्या ‘जर-तर’ची एक जागा तेल्हारा तालुक्यात आहे, असं म्हटलं तर फुशारकी ठरू नये. वेलस्लीची कीर्ती तिथे संपली असती, तर बारा वर्षांनी वॉटर्लूवर कोण असतं?

तसं झालं नाही. भोसल्यांच्या अरब पायदळाने शेवटचा हल्ला चढवला, तो स्कॉटिश पलटणींनी कापून काढला. मराठ्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. अंधार पडल्यावर चांदण्यात घोडदळाने पळणाऱ्यांचा मैलोन्‌मैल पाठलाग केला.

आता आकडे. इंग्रजांच्या बाजूला ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ३६०. त्यात ठार ४६. पलटणीनिहाय यादी आहे. आपल्या बाजूला? इंग्रजांचाच अंदाज, सुमारे पाच हजार. यादी नाही.

मी डिजिटल डेस्कवर बसतो, दिवसभर आकडेच पाहतो. पण ४६ आणि ‘सुमारे पाच हजार’ शेजारी शेजारी टाइप केले, तेव्हा हात थांबला. एक आकडा मोजलेला आहे, दुसरा नजरेने मापलेला. त्या पाच हजारांत कुणाचा तरी खापरपणजोबा असेल. आमचा असेल, तुमचा असेल. १८५१ मध्ये इंग्रज सरकारने जुन्या लढायांसाठी सैनिकांना पदक काढलं, त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असे. त्यात असई आहे, गाविलगड आहे आणि अडगावही आहे, त्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘अरगाम’. ते पदक फक्त तोवर जिवंत असलेल्यांना मिळालं. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही त्यांच्याकडे कोण अडगावला होतं, याचा हिशोब लागत होता.

(जाता जाता: पुतळ्यात वेलिंग्टनखाली जो घोडा मानला जातो, तो कोपनहेगन, १८०८ चा जन्म. अडगावच्या वेळी तो जन्मलाही नव्हता. दख्खनच्या मोहिमेत वेलस्लीकडे डायोमेड नावाचा अरबी घोडा होता. असईला तो भाल्याने जखमी झाला. त्याचा पुतळा नाही. घोड्यांच्या बाबतीतही नशीब लागतं.)

याचा आजच्या वऱ्हाडाशी संबंध काय?

सरळ संबंध आहे. अडगावनंतर सोळा दिवसांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. चिखलदऱ्याला जाऊन आपण जिथे धुक्यात सेल्फी काढतो, तोच. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी अंजनगाव सुर्जीचा. दोन्ही तह आपल्याच मुलखात.

देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत इंग्रजांकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. नरनाळा, गाविलगड आणि लगतचा थोडा मुलूख भोसल्यांकडे उरला. १८१७-१८ च्या युद्धानंतर तोही गेला. त्याआधी वऱ्हाडावर भोसले आणि निजाम यांचा दुहेरी अंमल होता, तो मोडला. वर्धा नदी ही सरहद्द झाली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने दिला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूरचा माणूस आणि अकोल्याचा माणूस आजही ‘विदर्भ’ आणि ‘वऱ्हाड’ हे शब्द वेगवेगळ्या जिभेने उच्चारतो. त्या फरकाचा एक धागा २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत जातो.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी या तारखा लिहून ठेवाव्यात. आमच्या गावातली अर्धी अभ्यासिका वसईचा तह पाठ करते. देवगाव कुठे, विचारलं तर दौलताबाद दाखवते.

मग अडगावात पुतळा हवा का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि अडगावला गेलो. पेरणीला टेकलेली काळी रानं, पावसाची वाट पाहणारी. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. लढाई कुठे झाली, असं तीन जणांना विचारलं. तिघांनी तीन दिशा दाखवल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र हातातली विळी खाली ठेवून नीट सांगितलं, ‘‘सारंच रान हाय ते, बापू. कोठं म्हून दाखवू?’’ मला वाटतं, तेच बरोबर होतं. काही मैल पसरलेली रांग एका बोटाने दाखवता येत नाही. मी ज्या रस्त्याने गेलो आणि आलो, त्यावर मला एकही पाटी दिसली नाही.

पानठेल्यावर विषय निघाला, तेव्हा चार पोरं जमली. वेलिंग्टनचं, कोनाचं सांगितलं. लगेच एकाने तोडगा काढला, ‘‘दादा, आपण बी उभा करू न पुतळा. घोड्यावर. त्याईच्यापेक्षा मोठा.’’ वर्गणीचा आकडाही तिथेच ठरला.

त्यांचा उत्साह खोटा नव्हता. पण मी नाही म्हटलं, आणि इथेही नाहीच म्हणतो.

पहिलं म्हणजे, कुणाचा? मन्याबापूंचा? हरलेल्या सेनापतीचा पुतळा उभारायला काही हरकत नाही, पण त्यांच्या चेहऱ्याचं विश्वासार्ह चित्र कुठे आहे? मग शिल्पकार काय करणार: एक भारदस्त मिशी, एक फेटा, उधळलेला घोडा. म्हणजे पुन्हा कुणीही. आणि जे पाच हजार होते, ते पायदळातले, तोफांजवळचे, बैल हाकणारे, पाणी वाहणारे. त्यांना घोडा नव्हताच.

दुसरं, कायद्याची वाट सोपी नाही आणि नसावीही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा जागांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली आहे. दुसरी जागा असली तरी कला संचालनालयाकडून मातीचं मॉडेल मंजूर करून घ्यावं लागतं, शासनाची परवानगी लागते, देखभालीची जबाबदारी कुणाची ते लिहून द्यावं लागतं. गावोगावी झाकून ठेवलेले, परवानगीसाठी अडलेले पुतळे आणि त्यांच्याभोवतीचा पोलीस बंदोबस्त आपण पाहिलेला आहे. रात्रीतून चबुतरा उभा राहतो, सकाळी तणाव. ज्याला मान द्यायचा, त्याच्याच नावाने गावात दोन गट.

तिसरं कारण मला ग्लासगोने दिलं. पुतळा उभा केला की आठवण पक्की होते, हा आपला समज आहे. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्याने आपला सर्वांत मोठा सेनापती, सर्वोत्तम शिल्पकाराकडून, शहराच्या सर्वांत महागड्या चौकात बसवला. खाली लढाया कोरल्या. आज त्याची ओळख काय, तर कोनवाला. लढाई कोणती, विचारलं तर तिथला पोरगाही आपल्या पोराइतकाच गप्प. ब्राँझ टिकलं, माहिती टिकली नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि पानठेल्यावरच्या एका मुलीने तो घेतलाही. ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, ‘‘पुतळा होता म्हणून तर तुमच्या मित्रानं फोन केला न, दादा? पाटीचा फोटो कोण पाठवते?’’ मला तिथे उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. डोळ्यांना काहीतरी लागतं, हे तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून नुसती निळी सरकारी पाटी नको. सिमेंटच्या ओट्यावर रणांगणाचा नकाशा हवा: आपण उभे आहोत ती जागा, सातपुडा कुठे, सिरसोली कुठे, तोफा कुठे, कोणत्या बाजूने कोण आलं. उभं राहून तो नकाशा आणि समोरचं रान पडताळून पाहता आलं पाहिजे. अशा ओट्याला लागणारा पैसा पुतळ्याच्या नुसत्या चबुतऱ्यापेक्षा कमीच असेल, आणि तो वाऱ्याने पडत नाही. २९ नोव्हेंबरला शाळेची सहल तिथे नेता येईल. पोरं चिखलदऱ्याला जातातच. वाटेत अर्धा तास इथे.

त्या मुलीलाच म्हटलं, मजकूर तू लिही. ती म्हणाली, आधी तुम्ही कच्चा लिहा, मी चुका काढते. म्हणून हा कच्चा मजकूर:

‘‘२९ नोव्हेंबर १८०३ रोजी या शिवारात नागपूरकर भोसले व शिंदे यांची फौज आणि इंग्रज, निजाम व म्हैसूर यांची फौज यांच्यात लढाई झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. भोसल्यांचे सेनापती व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. इंग्रजांकडचे ४६ जण ठार झाले. आपल्याकडचे किती, ते कुणी मोजले नाही. या लढाईनंतर देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला.’’

तिने व्हॉट्सॲपवर एकच दुरुस्ती सुचवली. ‘आपल्याकडचे’ हा शब्द काढा. मद्रासचे आणि म्हैसूरचे शिपाई मग कुणाकडचे?

तो शब्द मी अजून काढलेला नाही. विचार करतोय. तुमच्या घरात, गावात या लढाईची काही आठवण, कागद, जुनी वस्तू किंवा ऐकलेली गोष्ट असेल, तर डेस्कच्या ईमेलवर पाठवा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. विशेषतः अडगाव, सिरसोली, हिवरखेड, अकोट, तेल्हारा भागातल्या वाचकांनी.

मित्राला त्या सकाळी रानात उभं राहून व्हिडिओ कॉल केला होता. त्याच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. झोपेतच त्याने उचलला. मी कॅमेरा सावकाश चारी बाजूंनी फिरवला.

‘‘अबे, नीट धर न मोबाइल,’’ तो म्हणाला, ‘‘काहीच दिसून नाही राह्यलं.’’